उतरवायचा राहिलेला झगा

मेलित्ता कुणाशी भांडल्याचे आराफेन गावात कुणी पाहिले नव्हते. मासळीवाल्याने हातचलाखी केली तरी ती मुकाट्याने घरी यायची, उभ्या मागापुढे उभी राहायची आणि विणीला असे काही ठोके द्यायची की शेजारीण भिंतीपलीकडून म्हणायची, आज त्या मासळीवाल्याची धडगत नाही. तिचे निम्मे आयुष्य त्या मागापुढे येरझाऱ्या घालण्यात गेले होते. नवरा मोस्खोस आरमारात वल्हेकरी होता. एका वर्षी तो जहाजासकट परतलाच नाही. मागे राहिल्या मेलित्ता आणि क्लेइतो, एकुलती एक लेक.

क्लेइतो मात्र आईसारखी नव्हती. तिला प्रश्न पडायचे आणि ते ती मोठ्याने विचारायची.

तिला ब्राउरोनला पाठवायची वेळ आली तेव्हा बाप जिवंत होता आणि ती आठ-नऊ वर्षांची होती. ब्राउरोन म्हणजे दक्षिणेला खाडीच्या तोंडाशी, दलदलीच्या काठावर असलेले आर्तेमिसचे, रानाच्या आणि बाळंतिणींच्या देवीचे, देऊळ. सकाळी निघाले तर ऊन तापायच्या आत पोचता येते. किनाऱ्यावरच्या मुली लग्नाआधी तिथे जाऊन देवीचे अस्वल होऊन येतात. का, ते कुणी समजावून सांगत नाही, अंगावर पीत असल्यापासून ऐकलेलेच असते. देवीच्या आवारात पूर्वी एक माणसाळलेले अस्वल होते. पोरांच्या हातून अंजीर खायचे. एका पोरीने त्याला फार सतावले, त्याने पंजा मारला आणि पोरीचा गाल फाटला. तिच्या भावांनी भाले आणून अस्वलाला ठार केले. त्यानंतर गावोगाव साथ आली, घरे ओस पडू लागली. कौल मागितला तेव्हा देवी म्हणाली, माझे अस्वल मारलेत, आता तुमच्या पोरींना अस्वल होऊ दे.

"मारलं भावांनी," क्लेइतो म्हणाली, "मग अस्वल मी का व्हायचं?"

"देवीला विचार."

"विचारते."

मेलित्ताने तिच्या तोंडावर हात ठेवला. देवीला फार लांबचे ऐकू येते.

पण झगा विणताना क्लेइतो आईच्या मागे मागे होती. त्या शरदात दोघी डोंगरात जाऊन केशराची फुले खुडून आणत होत्या. दिवसभर खुडून मूठभर तंतू निघायचे. मेलित्ताने लोकर त्या रंगात बुडवली, वाळवली, पुन्हा बुडवली. झगा झाला तो पिकल्या उन्हाच्या रंगाचा. तो अंगात घालून क्लेइतो घरभर जड पावले टाकत फिरली, गुरगुरली, आणि मासळीवाल्याच्या पोराला खरोखरच चावली. मेलित्ता कधी नव्हे ती खळखळून हसली होती.

ब्राउरोनला मुली उत्सवापर्यंत राहतात. अस्वलासारख्या नाचतात, वेदीभोवती धावतात. आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकजण वेदीपुढे उभी राहून तो केशरी झगा अंगावरून उतरवून टाकते. अस्वल तिथे राहते, मुलगी घरी येते.

त्या वर्षी तो शेवटचा दिवस उजाडलाच नाही. आदल्या दुपारी आतल्या मुलखातून धूर दिसू लागला. स्पार्टाचे स्वार उभी शेते जाळत किनाऱ्याकडे येत होते. गावोगावचे लोक गाढवे घेऊन आपापल्या पोरी आणायला धावले. मेलित्ताला क्लेइतो देवळात सापडली नाही. ती दलदलीतल्या वेतांत दडून बसली होती, गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर गुरगुरत होती. मेलित्ताने तिला तशीच उचलली आणि शेजाऱ्याच्या गाढवावर टाकून घरी आणले. घरी आल्यावर तिचा झगा काढला, धुतला, वाळत घातला. झगा दोरीवर हलताना पाहून तिला कळले की आपण काय केले. जो झगा देवीपुढे उतरायचा, तो आपल्या अंगणात उतरला.

तिने गावातल्या म्हाताऱ्यांना विचारले. एक म्हणाली, नाचली, धावली, आता काय राहिलं, देवी काय आंधळी आहे? दुसरी म्हणाली, झगा उतरला नाही तर अस्वलही उतरलं नाही. मेलित्ताने पहिलीचे ऐकले. तरी झगा फाडून त्याचे दुसरे काही करायचा तिला धीर झाला नाही. घडी घालून तिने तो पेटीच्या तळाशी ठेवला.

पुढचा मोठा उत्सव चार वर्षांनी आला. तेव्हा रस्ता बंद होता आणि मोस्खोस गेल्याची बातमी ताजी होती. त्यानंतरच्या उत्सवापर्यंत क्लेइतोला न्हाण येऊन गेले होते. न्हाण आलेल्या मुलीला देवी अस्वल म्हणून घेत नाही.

मग सोयरीक आली. मुलगा स्मिक्रोन, धक्क्याजवळ मासेमारीची जाळी विणायचा. शांत, लाजाळू, बोटे सदा दोऱ्याने कापलेली. त्याची आई फिलिन्ना मात्र सबंध धक्क्याला पुरून उरेल अशी. मुलगी बघायला आली तेव्हा तिने आधी घरातली भांडी पाहिली, मग मागावरचे कापड दोन बोटांत धरून पाहिले, आणि मग विचारले, "अस्वल झाली ना हो पोर?"

"झाली," मेलित्ता म्हणाली.

"अजून आहे," क्लेइतो आतून म्हणाली.

फिलिन्ना पोट धरून हसली. "मग आमच्या स्मिक्रोनचं काही खरं नाही." तिला सून तिथेच पसंत पडली. मेलित्ता हसली नाही. हातातले अंजिरांचे ताट तिने उगाच एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवले.

क्लेइतो सासरी रमली. जाळी विणायला शिकली. सासूशी रोज वाजायचे आणि रोज मिटायचे. दिवस गेले तेव्हा फिलिन्नाने सगळ्या धक्क्याला सांगून टाकले, नातू होणार. मेलित्ता देवीला रोज ओंजळभर जव वाहू लागली आणि कुणाला काही बोलली नाही.

कळा सुरू झाल्याचा निरोप आला तेव्हा ती धावत गेली. सुईण हाग्ने आधीच येऊन बसली होती. हाग्ने म्हातारी, मोठ्या हातांची, बोलायला तुटक. तिने आल्या आल्या नेहमीचे सांगितले होते, घरात एकही गाठ राहता कामा नये, गाठ असली की मूल अडते. बायकांनी केस मोकळे केले, कमरेचे पट्टे सोडले, घडे उघडे टाकले, शेळीचे दावे सोडले. शेळी लगेच शेजाऱ्याच्या वाफ्यात गेली. पण ते घर जाळी विणणाऱ्याचे. भिंतीवर जाळी, आढ्याला जाळी, बाळंतिणीच्या खाटेखाली जाळ्यांची भेंडोळी. हाग्नेने एकदा वर पाहिले, एकदा खाली पाहिले.

"ह्या किती गाठी गं बाई," ती म्हणाली. "हे सोडवत बसलो तर नातू मिसरूड घेऊनच बाहेर येईल. उचला सगळं, समुद्रावर टाका."

म्हणून स्मिक्रोन आणि फिलिन्ना जाळी ओढून ओढून वाळूवर नेऊ लागले. बारा पिढ्यांची मासेमारी निघते आहे असा तो ढीग दिसत होता. क्लेइतो मधेच कळ थांबली की त्यांच्याकडे बघून हसत होती. नंतर हसणे थांबले. रात्र तशीच गेली. पहाटे कळा होत्या पण मूल जागचे हलत नव्हते. हाग्नेने पोट पुन्हा पुन्हा चाचपून पाहिले. ते मेलित्ताने पाहिले.

तिने सगळे सांगून टाकले. ब्राउरोन, धूर, वेत, अंगणातली दोरी. सांगताना ती कुणाकडे बघत नव्हती.

फिलिन्ना दारात उभी होती, हातात शेवटचे जाळे. "गप्प बायका मला कधीच आवडल्या नाहीत, विहीणबाई," ती म्हणाली. "काय काय घेऊन बसलेल्या असतात पोटात. मी विचारलं होतं तुम्हाला. तोंडावर विचारलं होतं."

"झाली होती ती अस्वल," मेलित्ता म्हणाली.

"झाली होती. तीच तर गोष्ट आहे. मग कुणी उतरवलं ते?"

झगा आणवला. तिथेच तिच्या अंगात घालू आणि ब्राउरोनच्या दिशेला तोंड करून उतरवू, असे फिलिन्नाचे म्हणणे पडले. हाग्ने म्हणाली, करा, त्याने काही बिघडत नाही. दोघींनी क्लेइतोला बसते केले. झगा डोक्यातून गेला आणि खांद्यांवर अडकला. आठ वर्षांच्या मुलीचा झगा. एक हात बाहीत शिरला, दुसरा शिरेना. केशरी कापड गळ्याभोवती गोळा झाले, खाली सगळे उघडे पोट. क्लेइतोने मान खाली घालून त्या कापडाकडे पाहिले.

"आई," ती म्हणाली, "एवढीशी ही पोर कुणाची गं?"

मेलित्ताने झगा काढून घेतला. काढताना शिवणीशी थोडा उसवला. तेवढ्याने काही झाले नाही, पुढची कळ मागच्यासारखीच आली आणि गेली. देवीपुढे उतरायचा तो असा खाटेवर उतरून काय उपयोग. मेलित्ताला एकच कळत होते, झगा ब्राउरोनला पोचला पाहिजे. स्मिक्रोन म्हणाला, मी जातो, पण पुरुषाच्या हातून हे चालत नाही हे त्यालाही माहीत होते.

"जा ना मग," फिलिन्ना म्हणाली. "बसून काय होणार आहे इथे?"

"बसून बरंच होतं," हाग्ने म्हणाली. "मला हात धरायला माणूस लागतं. आणि तिला आई लागते."

क्लेइतोने आईची मनगटे धरली होती. ओठ कोरडे पडले होते. "आई, जाऊ नकोस."

"उन्हं कलायच्या आत येते."

"अगं, नको जाऊस ना."

हे सगळे मेलित्ताने ऐकले. लेकीची बोटे तिने एकेक करून सोडवली, कपाळावर ओठ टेकले, झगा स्वच्छ फडक्यात बांधला आणि निघाली. बाहेर अंजिराखाली स्मिक्रोन बसला होता. तो उठला नाही. तिनेही त्याच्याकडे पाहिले नाही.

वाट समुद्राच्या कडेने जाते. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला ऑलिव्हची झाडे, त्यांतली कित्येक जळून पुन्हा बुडातून फुटलेली. मेलित्ता कधी चालत होती, कधी धावत होती. ती देवीशी बोलत होती. आयुष्यभर न बोललेले सगळे ती आता बोलत होती. माझी चूक, पोरीची नाही. मी उचलून आणली, ती तर तुझ्याच वेतांत बसली होती, तुझ्यासारखीच गुरगुरत होती. घ्यायचे तर माझे घे, माझे डोळे घे, हात घे. मग तिला वाटले, हातांचे बोलायला नको होते, क्लेइतोचे मूल आले तर त्याला कपडे कोण विणणार. मग वाटले, असे मागे घेतले ते देवीने ऐकले असेल.

ब्राउरोनला झऱ्याजवळ एक सेविका बसली होती. पन्नाशीची, गोल चेहऱ्याची बाई, पुढ्यात वाळत घातलेल्या चादरी. आत खांबांच्या ओसरीत पोरींची जेवणे चालली होती, जवाच्या भाकरीवरून भांडणे चालली होती. मेलित्ताने फडके सोडून झगा दाखवला.

बाईने तो हातात घेतला नाही. तिने आपला रोजचा प्रश्न विचारला, कारण इथे बायकांची वस्त्रे दोनच कारणांनी येतात. "बाळंतीण सुटली त्याची भेट आणलीत, की गेली तिचं वस्त्र?"

"अजून कळलं नाही," मेलित्ता म्हणाली.

बाईने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिले. मोकळे केस, सुटलेला पट्टा. "तुम्ही कुठून आलात?"

"लेकीजवळून. कालपासून कळा देतेय."

बाई बसल्या जागी थोडी मागे सरकली. ते तिने मुद्दाम केले नव्हते. पण बाळंतघरातून आलेल्या माणसाने देवीच्या जवळ जायचे नसते. प्रसूतीचा विटाळ, मरणाचा विटाळ, दोन्ही आर्तेमिसला चालत नाहीत. लहानपणापासून मेलित्ताला हे माहीत होते, क्लेइतोच्या वेळी तिने स्वतः पाळले होते. इतकी वाट ती चालली, देवीशी इतके बोलली, आणि एवढी एक गोष्ट तिच्या मनात आली नव्हती.

"इथेच थांबा, दगडाच्या अलीकडे," बाई म्हणाली. "मी आत विचारून येते."

तिला यायला फार वेळ लागला. मेलित्ता दगडाशी उभी राहिली. पोरींची जेवणे संपली आणि त्या अंगणात नाच घोटायला आल्या. केशरी झगे घातलेल्या, हात पंजांसारखे वाकवलेल्या, कुणाच्या नाकाला शेंबूड, कुणाचा दात पडलेला. एक छोटी घोळक्यातून फुटून दगडापर्यंत आली. मेलित्ताकडे बघून तिने दात विचकले आणि गुरगुरली. मेलित्ताने घाबरायला हवे होते, म्हणजे ती खूश होऊन पळाली असती. मेलित्ताला ते जमले नाही. पोरगी थोडा वेळ वाट पाहत राहिली, मग स्वतःच ओशाळून परत गेली.

बाई आली. तिच्या आवाजात माया होती. पुजारीणबाईंनी सांगितले होते, झगा ज्या अंगावर होता त्याच अंगाने तो उतरवावा लागतो, दुसऱ्या कुणाला, आईलाही, तो देता येत नाही. अंगात मावत नसला तरी चालेल, तिने खांद्यावर घ्यावा आणि आपल्या हाताने वेदीपुढे ठेवावा. देवी समजून घेईल.

"मुलगी सुटली, विटाळ फिटला, की तिला घेऊन या हं," बाई म्हणाली. "अंगावर दूध वगैरे नीट आलं की मग. घाई नाही."

मेलित्ता मान हलवून हो म्हणाली आणि तिने झगा पुन्हा फडक्यात बांधला. बाईने तिला ओंजळीत झऱ्याचे पाणी दिले, लांबूनच, हाताला हात न लागता.

परतीच्या वाटेवर ती देवीशी काही बोलली नाही. सुटली की घेऊन या. ते शब्द ती पुन्हा पुन्हा मनात म्हणत होती, जणू ती लांबची पण पक्की ठरलेली गोष्ट आहे. उन्हे कलून गेली होती. आराफेनची घरे दिसू लागली तेव्हा समुद्र राखेच्या रंगाचा झाला होता. वाळूवर जाळ्यांचा ढीग होता तिथेच होता.

दार तिला वळणावरून दिसले. दाराच्या चौकटीवर लोकरीचा झुबका टांगलेला होता. पांढरा, ताज्या लोकरीचा. मुलगा झाला की ऑलिव्हची डहाळी लावतात, मुलगी झाली की लोकर. मुलगी. सुटली. मेलित्ता धावली.

दाराशी आली तेव्हा उंबऱ्याजवळ ठेवलेला घडा दिसला. घडा ह्या घरचा नव्हता, शेजाऱ्यांचा होता, काठाचा टवका उडालेला. त्यात पाणी होते आणि पाण्यात एक डहाळी. घरात कुणी गेले की दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी असे दाराशी ठेवतात, बाहेर पडणाऱ्याने हात धुवावेत म्हणून.

ती लोकरीकडे पाहत राहिली, मग घड्याकडे. एका दाराला दोन्ही लागलेले तिने पूर्वी पाहिले होते, दुसऱ्यांच्या घरी.

हाग्ने भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. हात कोपरापर्यंत धुतलेले, मांडीवर उपडे पडलेले. आत कुणा बायकांचे रडणे चालले होते, स्मिक्रोनचा आवाज त्यात नव्हता.

"केव्हा?" मेलित्ताने विचारले.

"दुपार कलताना. मूल आडवं होतं. मी फिरवलं. मूल आलं, पण रक्त थांबलं नाही."

मेलित्ताने झग्याचे गाठोडे दोन्ही हातांनी धरले.

"ऐक," हाग्ने म्हणाली. "माझे हात म्हातारे झालेत, पण डोकं ठिकाणावर आहे. वेदीपुढे झगा उतरवून आलेल्या पोरी गेल्यात माझ्या ह्या हातांत. आणि ब्राउरोन कुठल्या दिशेला तेही ठाऊक नाही अशा दासी सुटल्यात, दुसऱ्या दिवशी पाणी भरायला उठल्यात. मूल आडवं होतं. बास. एवढंच होतं."

"असं म्हणू नका, हाग्नेमावशी."

"तुझ्या मनावरचं कमी व्हावं म्हणून सांगतेय."

"एवढंच होतं तर," मेलित्ता म्हणाली, "मी तिचा हात सोडून गेले कशाला?"

समुद्रावरून वारा सुटला होता आणि दारावरची लोकर हलत होती.

फिलिन्ना बाहेर आली. तिचे केस अजून मोकळेच होते, चेहरा सुजलेला. सकाळपासून जी जीभ धारेला लागलेली होती ती आता तोंडात जड झाल्यासारखी वाटत होती. कापडात गुंडाळलेले मूल तिने छातीशी धरले होते. ते रडत नव्हते, नुसते तोंड हलवत होते. पलीकडच्या आळीतली ओली बाळंतीण येणार होती पाजायला, अजून आली नव्हती.

"तुमची वाट बघत होती," फिलिन्ना म्हणाली. "शेवटपर्यंत विचारत होती, आई आली का. मी म्हणाले, आली, वळणावर आहे. खोटं बोलले मी तिच्याशी." मग तिने मूल पुढे केले. "घ्या. मला आत जायचंय, तिला आंघोळ घालायचीय. धरा हिला."

मेलित्ताच्या दोन्ही हातांत गाठोडे होते.

"ते ठेवा आधी खाली," फिलिन्ना म्हणाली.

देवीची वस्तू जमिनीवर कशी ठेवायची. घरात न्यायची तर आत मरण होते. हाग्नेच्या हाती द्यायची तर ते हात बाळंतपणात विटाळलेले होते. मेलित्ताने एकदा घराकडे पाहिले, एकदा वाळूकडे. फिलिन्ना मूल पुढे धरून उभी होती. ते आता रडू लागले होते, बारीक आवाजात. आणि मेलित्ताला गाठोडे कुठे ठेवावे ते काही केल्या सुचत नव्हते.